एअर पिस्तूल: पेलेट सारखी 7 वाजता जाते, ट्रिगरसाठी सल्ला हवा

नेमधर_सांगली
नमस्कार मंडळी. क्लबमध्ये 10 मीटर एअर पिस्तूल मारतो, उजव्या हाताने. वय 44. जिल्हा स्पर्धा तोंडावर आली आहे. सायटर्स (मॅचआधीचे सरावाचे शॉट) छान बसतात, पण मॅच सुरू झाली की चांगल्या ग्रुपमधून मधूनच एखादी पेलेट (छोटी गोळी) सुटते आणि 7 वाजता, म्हणजे घड्याळाच्या हिशोबाने खाली-डावीकडे, सात-आठ गुणांच्या रिंगमध्ये जाते. साइट (नेम धरायची पट्टी) दोन-चार क्लिक फिरवून पाहिली, तर चांगले शॉट 1 वाजता जायला लागले. हात थरथरतो म्हणून डंबेल सुरू केलेत. कुणी म्हणतं ग्रिप बदल, कुणी म्हणतं ट्रिगर हलका कर. नेमकं काय करू? घरी करता येण्यासारखा सराव असेल तर तोही सांगा.

जुनी_रेंज_पुणे
ग्रिपवर पैसे घालू नका आणि साइट होती तिथे परत आणा. बरेचसे शॉट मध्यात आणि मोजके एकाच कोपऱ्यात जात असतील तर पिस्तुलात काही बिघाड नाही. उजव्या हाताने मारणाऱ्याचा शॉट खाली-डावीकडे गेला की बहुतेक वेळा ट्रिगर झटक्याने ओढलेला असतो. दहा दिसतोय, आत्ताच मारू, असं मनात येतं. मग बोट आवळतं, बोटाबरोबर मूठ आवळते आणि फ्रंट साइट मागच्या साइटच्या नॉचमध्ये, म्हणजे खाचेत, खाली बसते.

थरथरीचा एवढा धसका घेऊ नका. दहाची रिंग 11.5 मिमीची. दोन्ही साइट एका रेषेत ठेवून अख्खा हात 5 मिमी सरकला तर पेलेटही 5 मिमीच सरकेल, दहा पक्के. पण दोन साइटमधलं अंतर 30 सेंमी धरलं आणि फ्रंट साइट नॉचमध्ये 1 मिमी कलली, तर 10 मीटरवर 33 मिमीची चूक होते. म्हणजे सरळ सहा. हात प्रत्येकाचा हलतो, मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्यांचाही. हलत्या हातातही साइट न मोडता ट्रिगर दाबता येणं, हेच शिकायचं आहे.

आता घरचा सराव. पिस्तूल घरी आणायची परवानगी असेल तर आधी बॅरल रिकामी असल्याची खात्री करा, पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि पलीकडे कुणी नसेल अशीच भिंत निवडा. मॅच पिस्तुलांना ड्रायची, म्हणजे पेलेटशिवाय ट्रिगर दाबायची, सोय असते. तुमच्या पिस्तुलाला ती नसेल तर क्लबमध्ये विचारल्याशिवाय कोरडा ट्रिगर ओढू नका. टार्गेट लावू नका, भिंत कोरीच हवी. काळा गोल समोर नसला की घाई करायला कारणच उरत नाही. हात खाली आणताना ट्रिगरचा पहिला टप्पा घ्या, बोटाला अडसर लागला की थांबा. तिथून बोटाच्या पेराने सरळ मागे दाब वाढवत जा. बोटाची बाजू ग्रिपला घासत असेल तर बोट बाहेर काढा, नाहीतर दाब तिरका पडतो. ट्रिगर सुटल्यावरही नजर फ्रंट साइटवरच ठेवा. सुटताना ती जागची हलली नाही तर शॉट बरोबर. रोज थोडंच, पण ताजेपणी करा. दमून केलेल्या ड्रायने झटकाच पक्का होतो.

ट्रिगर हलका करायच्या भानगडीत पडू नका. नियमाने किमान 500 ग्रॅम लागतो. स्पर्धेत वजन टांगून तपासतात.

रंकाळा_25
पुणेकर दादांशी सहमत. एक भर घालते. शॉट सोडून द्यायला शिका. 60 शॉटना 75 मिनिटं असतात, म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. हात स्थिरावून 8-10 सेकंदांत शॉट गेला नाही तर हात खाली, श्वास घ्या, पुन्हा सुरुवात. तुमच्या त्या 7 वाजताच्या पेलेटी बहुधा ताणून धरलेल्या होल्डमधल्याच (नेम जास्त वेळ धरून ठेवल्याच्या) असणार. पुढच्या वेळी वहीत स्कोअरऐवजी ‘वेळेत’ की ‘ताणून’ एवढंच लिहा, लगेच दिसेल.

मी 25 मीटर पिस्तूल मारते. तिथे ट्रिगर किमान 1000 ग्रॅम, आणि रॅपिडमध्ये (त्यातल्या झटपट शॉटच्या भागात) हात वर आणून शॉट सोडायला 3 सेकंद. हात वर येतानाच दाब सुरू करावा लागतो, साइट सुंदर दिसायची वाट बघायला सवडच नसते. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. तिचे व्हिडिओ लावून फक्त हात बघा. शॉट गेल्यावरही तो कसा थांबतो ते बघण्यासारखं आहे.

डंबेल चालू राहू द्या, पण सरावाच्या आधी नको.

नेमधर_सांगली
दोघांचेही मनापासून आभार. काल कोऱ्या भिंतीवर करून पाहिलं. ट्रिगर सुटताना फ्रंट साइट डावीकडे बुडते, डोळ्यांनी स्पष्ट दिसलं! मात्र साइट जरा पुसट दिसते. वाचायला चष्मा लागतो, तो घालून मारू का?

जुनी_रेंज_पुणे
वाचायचा नको, त्याने टार्गेट पार विरघळून जाईल. फ्रंट साइट धारदार आणि काळा गोल धूसर दिसला पाहिजे. डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर टेपने मोजून नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि उजव्या डोळ्याला त्या अंतराची वेगळी लेन्स मागा. दूरच्या नंबरात साधारण +0.5 ची भर पडते, पण अंतिम नंबर तेच ठरवतील. आणि तिथे बसून नाही, रेंजवर उभे राहता तशी मान वळवून तपासून घ्या. साध्या चष्म्यात आपण काचेच्या कडेने बघतो, तिथे साइटची धार तिरकी दिसते.