मायक्रोकर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी छोट्या गाभ्याने) बूट होताना रॅम स्वतः शोधावी का?

धागाकर्ता
माझं मत स्पष्ट आहे: शोधू नये. एसईएल४ हा मायक्रोकर्नल घ्या. एक्स८६ वर, म्हणजे नेहमीच्या पीसीवर, ग्रब हा बूटलोडर मेमरीचा नकाशा हातात देतो, कर्नल तो वाचतो. आर्म प्रोसेसरवर मात्र हे काम कर्नल बिल्ड करतानाच उरकतं. एक पायथन स्क्रिप्ट डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डवर कोणतं हार्डवेअर आहे ते सांगणाऱ्या फाइलमधून) रॅमचे पत्ते काढून हेडर फाइलमध्ये लिहिते आणि ते आकडे कर्नलमध्येच कंपाइल होतात. २००९ मध्ये ज्या कर्नलची अचूकता गणिताने सिद्ध झाली, त्यात बाहेरची फाइल चाळणारा कोड कशाला घुसवायचा?

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. त्या प्रूफमध्ये बूटचा कोड नव्हताच, तो बरोबर आहे असं गृहीत धरलं होतं.

आता माझा अनुभव. रास्पबेरी पाय ४ वेगवेगळ्या रॅमची मिळते आणि किती ते बिल्ड करतानाच सांगावं लागतं. मी ४ जीबीची इमेज चुकून २ जीबीच्या बोर्डवर टाकली. कर्नल निमूट सुरू झाला आणि रूट टास्कसाठी (कर्नल सुरू करतो त्या पहिल्या प्रोग्रॅमसाठी) लागणाऱ्या गोष्टी रॅमच्या वरच्या टोकाला मांडायला गेला. तिथे रॅमच नव्हती, बोर्ड गोठला. सिरियल कन्सोलवर एक ओळ नाही. दोन संध्याकाळी केबल बदलत बसलो. आणि खरी रॅम किती, हे पायचं फर्मवेअर बूट होताना डिव्हाइस ट्रीत लिहूनच ठेवतं!

धागाकर्ता
प्रूफबद्दल माझं चुकलं, मान्य. पण खात्री नसेल तर बिल्डला रॅम कमी सांगा ना. ८ जीबीच्या बोर्डवर ४ जीबीची इमेज चालते. उरलेली मेमरी डिव्हाइस अनटाइप्ड म्हणून, म्हणजे कर्नल स्वतःच्या नोंदींसाठी वापरत नाही अशी मेमरी म्हणून, मिळते. तिच्यातून टीसीबी (कर्नलची थ्रेडची नोंद) किंवा पेज टेबल (पत्त्यांचा तक्ता) बनत नाही, पण डेटासाठी फ्रेम, म्हणजे मेमरीचे तुकडे, मिळतात. शिवाय ती ट्री कर्नल न उघडता रूट टास्ककडे पोचवतो. वाचायची तर तिथे वाचा.

प्रतिसाद २
रूट टास्कपर्यंत उशीर झालेला असतो. फियास्को या दुसऱ्या मायक्रोकर्नलमध्ये बूटस्ट्रॅप नावाचा प्रोग्रॅम कर्नलच्या आधी रॅम शोधून कर्नल इन्फो पेजमध्ये मांडतो. कर्नल आपल्यापुरती ठेवतो, बाकीची सिग्मा० या मेमरी वाटणाऱ्या प्रोग्रॅमकडे जाते. आर्मवर एसईएल४ च्या आधीही एल्फलोडर हा कर्नल मेमरीत चढवणारा प्रोग्रॅम चालतोच. त्याने ट्रीतला आकडा इमेजमधल्या आकड्याशी ताडून बघावा, जुळला नाही तर तिथेच थांबावं.

प्रतिसाद १
तेवढ्याने माझ्या दोन संध्याकाळी नक्की वाचल्या असत्या. तरी प्रत्येक रॅमसाठी वेगळी इमेज सांभाळणं मला मंजूर नाही. ताडून बघण्यासाठी आकडा वाचणारच असाल, तर तोच कर्नलला द्या.