गाण्याची विशारद परीक्षा झालीय, तरी ६० मुलांचा तास सुरात येत नाही. मे महिन्यात काय शिकू?

करवीर_षड्ज:
कोल्हापुरातल्या अनुदानित शाळेत पाचवी ते नववीला संगीत शिकवते. गायनात विशारद पूर्ण, माझी पट्टी (म्हणजे माझा सा जिथं लागतो तो सूर) काळी चार, पेटीच्या सप्तकातली चौथी काळी. तास ३५ मिनिटांचा, वर्गात ६० ते ६२ मुलं, हाताशी खर्ज-नर (एक खालच्या सप्तकाचा, एक त्याच्या वरचा) अशी डबल सुरांची एक पेटी. अडचणी दोन. पाचवी-सहावीतली निम्मी मुलं गाताना खाली घसरतात आणि बोलल्यासारखी एकाच सुरावर राहतात. आठवीतले मुलगे तर तोंडच उघडत नाहीत. सुट्टीत अलंकारची (विशारदनंतरच्या वरच्या परीक्षेची) तयारी सुरू करू, की शिक्षकांसाठीचं काही प्रशिक्षण घेऊ?

पेटीचा_भाता:
मॅडम, अलंकार जरूर करा, पण तो तुमच्या गळ्यासाठी. वर्गाचं दुखणं वेगळं आहे आणि ते तुम्हीच लिहून टाकलंय: काळी चार.

बायकांच्या गळ्यातला काळी चारचा सा पेटीवरच्या मधल्या पांढरी एकच्या (मधल्या सप्तकातल्या पहिल्या पांढरीच्या) खाली येतो. पाचवीच्या मुलांचा आरामाचा पल्ला साधारण मधल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत. म्हणजे तुमचा सा, रे मुलांच्या पल्ल्याबाहेर पडले. तिथं ती गात नाहीत, बोलतात. त्याला आपण "बेसूर पोरं" म्हणून मोकळे होतो.

शिक्षकाची पट्टी विसरा, गाण्याची पट्टी काढा. प्रत्येक गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर वहीत लिहा. सा ते तार (वरच्या सप्तकातला) सा असं गाणं असेल तर सा मधल्या पांढरी एकवर किंवा काळी एकवर. मंद्र (खालच्या सप्तकातला) प ते मध्य (मधल्या सप्तकातला) ध असेल तर सा पांढरी चारवर घ्या. प बरोबर मधल्या पांढरी एकवर येतो, ध वरच्या पांढरी दोनवर. राष्ट्रगीत मंद्र नी ते तार सा आहे. काळी एकला धरलं की नी पांढरी एकवर, तार सा वरच्या काळी एकवर. तुम्हाला स्वतःला त्यात तुमच्या काळी चारच्या हिशोबानं तार शुद्ध मध्यमापर्यंत जावं लागेल, विशारद झालेल्या गळ्याला ते जड नाही. (५२ सेकंदांचं राष्ट्रगीत कित्येक शाळांत सव्वा मिनिट चालतं. त्यातही अर्धा दोष खाली धरलेल्या पट्टीचाच, मुलं ओढत राहतात.)

आणखी एक. मुलांना सूर देताना खर्जाचा खटका बंद, नुसता नर चालू. दोन्ही एकदम वाजले की नवख्या कानाला कुठलं सप्तक धरायचं ते कळत नाही, निम्मी मुलं खर्जाच्या मागे जातात. सूर द्या, भाता थांबवा, मग त्यांना गाऊ द्या. ती गात असताना तुम्ही सोबत गायलात तर त्यांचं तुम्हाला ऐकूच येणार नाही.

मे महिन्याचा गृहपाठ: १२ गाणी, १२ पट्ट्या.

जुना_राजवाडा:
प्रशिक्षणाबद्दल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची संधी मिळावी असं म्हटलंय. कागदावर. प्रत्यक्षात बहुतेक वर्ग मूल्यमापन, भाषा, गणित यांचेच असतात. १२ वर्षांनंतरचं वरिष्ठ वेतनश्रेणीचं किंवा २४ वर्षांनंतरचं निवडश्रेणीचं प्रशिक्षण वेतनश्रेणीसाठी करा, त्यात गाण्याचं काही मिळेल ही आशा नको.

कलेशी जवळचं म्हणजे सीसीआरटी, म्हणजे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र. मुख्यालय दिल्लीत द्वारकेला, केंद्रं उदयपूर, हैदराबाद, गुवाहाटी आणि दमोहला. नावं शाळा आणि शिक्षण खात्यामार्फत जातात, तेव्हा मुख्याध्यापकांकडे अर्ज आत्ताच देऊन पोच घ्या. तिथं गळा तयार होत नाही, पण लोकगीत, बाहुली, नाच हे इतर विषयांच्या तासात कसं आणायचं ते हाताखालून जातं.

फुकटचं प्रशिक्षण मात्र खिशात आहे. फोन वर्गाच्या मागच्या बाकावर ठेवून पूर्ण तास रेकॉर्ड करा. ऐकताना कागदावर तीन रकाने: मी बोलले, मी गायले, मुलं गायली. मिनिटं लिहा. तिसरा रकाना १५ च्या खाली असेल तर सुधारणा तिथून. आणि मागच्या बाकावरून पेटी ऐकू येते का, हेही कळेल.

खासबाग_ठेका:
वरच्या दोघांशी सहमत, पण अलंकारला एवढं बाजूला सारू नका. शिक्षकाचा कान तयार नसेल तर पट्टी काढून तरी काय होणार? देवल क्लबात (कोल्हापुरातल्या जुन्या संगीत संस्थेत) बैठक असेल तेव्हा जाऊन बसणं हाही अभ्यासच.

शहरातल्या चार-पाच संगीत शिक्षकांनी महिन्यातून एकदा बसून गाण्यांची देवाणघेवाण करावी. फक्त स्वरलेखन आधी ठरवून घ्या. भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तार सप्तक, पलुसकर पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे मंद्र. कोमल स्वराला एकीकडे खाली आडवी रेघ, दुसरीकडे हलन्त. समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) भातखंडेंत फुली, पलुसकरांत १. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत पद्धत लिहिलेली नसते, मग धृपदातले (पालुपदातले) मंद्र सूर तार सप्तकात, नाहीतर अंतरा पाताळात. कागदाच्या डोक्यावर पद्धतीचं नाव, पट्टी, ताल आणि लय एवढं टाकलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

करवीर_षड्ज:
धन्यवाद. पट्टीचं कुणी शिकवलंच नव्हतं. आठवीच्या मुलग्यांचं काय? त्यांना सरळ ढोलकी, हलगी देऊ का?

पेटीचा_भाता:
हलगी द्या, पण गाणं काढून घेऊन नको. आवाज फुटण्याच्या काळात एकदा गप्प बसायची सवय लागली की नववीतही तो मुलगा गात नाही. या वयात हातात पाच-सहाच सूर असतात; कुणाचे मधल्या पांढरी एकच्या आसपास, कुणाचे त्याच्याही खाली. म्हणून अख्खी चाल त्यांच्याकडून नको. काळी एकच्या गाण्यात त्यांना फक्त सा आणि मंद्र प द्या: चार मात्रा सा, चार मात्रा प, केहरव्याच्या (आठ मात्रांच्या तालाच्या) एका आवर्तनात दोन्ही बसतात. शब्द धृपदाचाच एखादा घ्या, नुसता 'आ'कार दिला तर हसतात. ज्याला प लागत नाही त्याने सावरच राहायचं.

एकेकट्याला उभं करून गायला लावू नका, सहा-सातांच्या घोळक्यात उभे करा. दर दोन महिन्यांनी पल्ला पुन्हा बघा, कारण जूनमध्ये लागणारा सूर दिवाळीनंतर त्याच मुलाला लागेलच असं नाही.