नुसती चित्रं काढून डिग्री मिळत नाही हो

ताई, भाचीला अमेरिकेत स्टुडिओ आर्ट (चित्रं, शिल्पं स्वतः करायचा अभ्यासक्रम) करायचंय म्हणालात आणि खाली कोणीतरी लगेच 'चार वर्षं मजा' असं लिहून मोकळं झालं, वाचून हसूच आलं. माझ्या लेकीचं बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) झालंय म्हणून सांगते, डिग्रीला साधारण 120 क्रेडिट (अभ्यास मोजायची एककं) लागतात, बीएफएला त्यातला दोन तृतीयांशाच्या आसपास भाग स्टुडिओचा, बीएला तो बराच कमी, बाकी मग इंग्रजी लेखन, गणित, एखादं सायन्स, आणि आर्ट हिस्टरी तर सुटतच नाही. 3 क्रेडिटचा एक स्टुडिओ म्हणजे आठवड्याला सहाएक तास वर्गात, वर घरचं काम वेगळं. पहिल्या वर्षी चारकोलने आमचं बेसिन इतकं काळं व्हायचं की घासून घासून मी थकले. पण खरं अवघड म्हणजे क्रिटीक, काम भिंतीवर लावायचं आणि सगळ्या वर्गाने मिळून पिसं काढायची, पहिल्यांदा पोर रडतच घरी आली. बऱ्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या सुमारास पोर्टफोलिओ रिव्ह्यू, म्हणजे तोवर केलेल्या कामांची तपासणी, असते, त्यात पास झालं तरच बीएफएत पुढे, नाहीतर बीए. शेवटी सीनियर शो, म्हणजे शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन, त्यात भिंतीची भोकं बुजवून रंग मारण्यापासून सगळं लेकीनेच केलं. भाचीला आधी बीए की बीएफए ते विचारा, फीचं नंतर बघू.