अकरावीतली मुलगी जेवत नाही, वर काहीतरी दडवतेय. सुरुवात कुठून करावी?

डिचोलीची_समुपदेशक

नमस्कार. मुलगी 16 वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) तीनेक महिन्यांत गणवेश लोंबायला लागलाय, पाळी चुकतेय, डबा जसाच्या तसा घरी जातो. चार घास खाल्लेच तर लगेच बाथरूम. आई म्हणते, 'श्रावण आहे, उपवास धरते, चवथीला खाईल.' मागच्या बैठकीत घरी येणाऱ्या एका नातेवाइकाचा विषय निघाला आणि ती थिजलीच. आधी तो विषय काढू की खाण्याचं बघू? शाळेत वजन करावं का?

मानसतज्ज्ञ_बांबोळी

ताई, आधी शरीर. उपाशी मेंदूला मनावरच्या आघातावरचं काम झेपत नाही. लक्ष टिकत नाही, विचार एकाच जागी घोटाळतात. शिवाय न खाल्ल्याने मन बधिर होतं आणि तेवढीच तिची सुटका असते. आठवणी उसवल्या की ती बधिरता मिळवायला ती आणखी कमी खाते किंवा उलटी काढते. 'मूळ कारण सापडलं की जेवण आपोआप सुधारेल' असं धरून चाललं की मुली हातातून निसटतात.

याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाकडे पाठवा. चिठ्ठीत नुसतं 'अशक्तपणा' लिहिलंत तर लोहाच्या गोळ्या घेऊन परत येईल. स्पष्ट लिहा: आहारविकाराचा संशय, उलट्यांची शक्यता. नाडी आणि रक्तदाब झोपवून व उभं करून, तापमान, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि साखर. पाळी चुकण्याची बाकीची कारणं, गर्भधारणेसकट, डॉक्टरांनीच तपासावीत.

दिवसा शांत बसलेली असताना नाडी 50 च्या खाली, रक्तदाब 90/45 च्या खाली, उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 पेक्षा जास्त घसरणं, चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. शरीर रक्तातले आकडे बराच काळ सांभाळतं, आणि उलट्यांनी पोटॅशियम एकदम उतरलं की हृदयाची लय बिघडते.

आता नातेवाइकाचं. तपशील उकरायचा नाही, पण सुरक्षितता पुढे ढकलायची नाही. 'घरी कुणाची भीती वाटते का? आज घरी जायला ठीक वाटतं का?' एवढंच विचारा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नका. आधीच सांगून ठेवा की तुला धोका असेल तर मला सांगावं लागेल, आणि कुणाला सांगते ते आधी तुला कळेल. 18 वर्षांखालच्या मुलीने लैंगिक अत्याचार सांगितला तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरून मदत मिळते. तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख घालून लिहा. 'त्याने असं केलं का?' असे प्रश्न विचारू नका, पुढे तिच्याच जबाबावर शंका घेतली जाते. संशयित घरातलाच असेल तर घरी फोन करण्याआधी सुरक्षित माणूस कोण ते तिला विचारा.

थिजली तर डोळे मिटायला सांगू नका. पाय जमिनीला टेकवायला लावा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा. आत्महत्येचे विचार येतात का, हेही सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. रात्रीसाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तिच्या वहीत लिहून द्या.

आघातावरचे उपचार जेवण नियमित झाल्यावर, त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडे. साधारण 12 ते 16 सत्रं लागतात.

आहारतज्ज्ञ_मडगाव

वजन शाळेत नको. दवाखान्यात, आठवड्यातून एकदा, हलक्या कपड्यांत, लघवी करून आल्यावर. आधी पोटभर पाणी पिऊन आकडा वाढवणं सर्रास चालतं.

घरी तीन जेवणं, मधे दोन-तीन वेळा खाणं, दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. घरात तिला कुणापासून धोका नाही याची खात्री झाली की ताट वाढायचं काम आईचं. किती घेऊ हा निर्णय सध्या मुलीवर टाकायचा नाही, तो निर्णय हाच तिचा छळ असतो. आपल्याकडे हमखास पेज दिली जाते. पेजेने पोट तुडुंब भरतं, अंगी फार थोडं लागतं. द्यायचीच तर वर तूप, बरोबर अंडं किंवा बांगडा. भातावर ओल्या नारळाचं हुमण (माशांची आमटी) असू दे, 'तिला हलकं बरं' म्हणून पातळ करू नका. जेवल्यावर तासभर कुणीतरी सोबत बसायचं, पत्ते खेळा, वेणी घाला, पण बाथरूम नाही. तरीही उलटी झालीच तर लगेच दात घासू देऊ नका, नुसत्या चुळा भरू द्या. आम्लाने मऊ पडलेलं दातांचं आवरण ब्रशने झिजतं.

मात्र पाचेक दिवस जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल तर घरी एकदम भरभरून वाढू नका. अन्न येताच रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने पेशींत ओढलं जातं, त्यातून हृदय आणि श्वास बंद पडू शकतो. अशा वेळी दवाखान्यातच, रोज रक्त तपासून.

एखाद्या वासाने किंवा बुळबुळीत पदार्थाने ती दचकत असेल तर तो पदार्थ आत्ता बाजूला ठेवा, त्याच्या जागी तेवढंच पौष्टिक दुसरं. जबरदस्तीने भरवणं तर अजिबात नको.

डिचोलीची_समुपदेशक

खूप आभार. उपवासांचं आईला कसं सांगू? आणि ती कबड्डीच्या संघात आहे.

मानसतज्ज्ञ_बांबोळी

आईशी व्रताच्या खरेखोटेपणावर वाद घालू नका. आजारी माणसाने उपवास धरू नये हे घरातली मोठी माणसंच सांगतात, तेच डॉक्टरांच्या तोंडून येऊ द्या. आरती, फुलं, माटोळी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधणं हे सगळं तिला करू द्या. चवथीला घरी पाहुणे येतील त्याआधी आईला सांगून ठेवा: 'किती बारीक झाली गो' आणि 'आता बरी दिसतेस' ही दोन्ही वाक्यं घरात नकोत. दुसरं वाक्य ऐकून त्याच रात्री ताट परत जातं.

कबड्डी ईसीजी होऊन डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत बंद. क्रीडाशिक्षकांना 'वैद्यकीय कारण' एवढंच लिहून द्या, पण गुण मोजायला तिला मैदानाकडेला बसू द्या.