जागावाटपाचं सूत्र आधी लिहून घ्या
'प्रत्येक शिक्षक संघटनेला वेतन वाटाघाटीत एकेक जागा द्या' असं काही जण सुचवतात, पण त्यात छोट्या संघटना एकत्र येऊन बहुसंख्य शिक्षकांना नको असलेला करार मंजूर करू शकतात. जागा सदस्यसंख्येवरच हव्यात.

मात्र सूत्र कोणतं, यावर बरंच ठरतं. समजा ११ जागा आहेत आणि तीन संघटनांचे सदस्य ६०,०००, २५,००० आणि १५,०००. सदस्यांच्या प्रमाणात येणाऱ्या वाट्यातल्या (६.६, २.७५, १.६५) पूर्णांकाच्या जागा आधी देऊन उरलेल्या जागा मोठ्या अपूर्णांकांना दिल्या तर वाटप ६-३-२ होतं. सदस्यसंख्येला १, २, ३ असं भागत सर्वांत मोठे ११ भागाकार निवडले (डोंट पद्धत) तर ७-३-१. करार मंजुरीला दोन-तृतीयांश मतं लागत असतील, म्हणजे ८, तर दोन्हींत मोठ्या संघटनेला सोबती लागतोच. पण तिच्याकडे ७ जागा असतील तर दुसऱ्या कुणाचंही एक मत पुरतं, ६ असतील तर आणखी दोन मतं हवीतच.

खरी भांडणं सदस्यगणनेवर होतात. संघटनेचं रजिस्टर धरू नका. ठरावीक तारखेला पगारातून कापली गेलेली वर्गणी धरा. थेट वर्गणी भरणाऱ्यांची पडताळणी त्रयस्थ लेखापरीक्षकाकडून करा. निवृत्त सदस्य वगळा. दोन संघटनांत नाव असलेल्याकडून एकीचीच निवड लेखी घ्या.

आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि युनेस्कोच्या शिक्षकांविषयीच्या १९६६ च्या शिफारशीत वेतनश्रेणी शिक्षक संघटनांशी सहमतीने ठरवाव्यात असं म्हटलंय. निव्वळ 'सल्लामसलत' लिहिलेला मसुदा स्वीकारू नका.