निमन-पिक ‘बी’: एन्झाइम मिळेपर्यंत फुप्फुसं धुवून घ्यावीत का?

रानवारा: मावसभावाला निमन-पिक ‘बी’ आहे. स्फिंगोमायलिन नावाची चरबी फोडणारं एन्झाइम कमी, म्हणून ती पेशींत साठत जाते. प्लीहा मोठी होतीच, आता एक जिना चढला तरी ओठ निळे पडतात. माझं मत स्पष्ट आहे: ओलिप्युडेज अल्फाची, म्हणजे ते एन्झाइम बाहेरून देणाऱ्या औषधाची, वाट बघण्यापेक्षा फुप्फुसं धुवून घ्यावीत. पूर्ण भूल देतात, एका फुप्फुसावर श्वास चालू ठेवतात आणि दुसऱ्यात कोमट सलाइन सोडून काढून घेतात. अल्व्हिओलर प्रोटिनोसिसचे, म्हणजे वायुकोशांत प्रथिनं-चरबीचा थर साठणाऱ्या आजाराचे, रुग्ण यावर वर्षानुवर्षं निभावतात. मग इथे का नको?

दमसास: कारण आजारच वेगळा. प्रोटिनोसिसमध्ये माल वायुकोशांच्या पोकळीत असतो, धुतला की निघतो. ‘बी’मध्ये चरबीने फुगलेल्या पेशी भिंतींतही ठाण मांडून बसतात. तिथे सलाइन काय करणार? निमन-पिकमध्ये हे केलेले रुग्ण मोजकेच नोंदलेत. काहींना फरक पडला, काहींना शून्य. त्यात या आजारात प्लेटलेट कमी, म्हणजे रक्तस्रावाची भीती. ओलिप्युडेजची 36 प्रौढांवरची चाचणी बघा: 52 आठवड्यांत डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता, सरासरी 22 टक्के सुधारली. प्लासिबोवाल्यांची, म्हणजे औषध नसलेला नुसता द्रव मिळालेल्यांची, 3. औषधच घ्या.

रानवारा: “औषधच घ्या” म्हणायला काय जातंय! अमेरिका-युरोपात 2022 मध्ये मान्यता मिळाली, पण दर दोन आठवड्यांनी शिरेतून, तेही जन्मभर. केंद्र सरकारच्या दुर्मीळ आजारांच्या धोरणात एका रुग्णामागे 50 लाखांपर्यंत मदत आहे. पुढे काय, घर विकायचं?

आडवाट: दोघेही हट्टाला पेटलात. आधी डॉक्टरांना श्वासनलिकेत दुर्बीण घालून थोडं धुवून बघू दे, गढूळ, फेसाळ पेशींनी भरलेलं पाणी येतंय का. येत असेल तर एका बाजूचं लॅव्हाज, म्हणजे पूर्ण फुप्फुस धुणं, करून बघायला माझी हरकत नाही. सीटीत भिंती जाड झाल्याची नुसती जाळी दिसत असेल तर नाद सोडा. आणि कुणी प्लीहा काढायला सांगितलं तर आधी दुसरं मत घ्या. ती काढल्यावर फुप्फुसांचा आजार बळावल्याचं दिसलंय.

दमसास: प्लीहेचं शंभर टक्के मान्य. लॅव्हाजचं नाही. धुतल्यावर चरबी साठणं थांबत नाही, मग पुन्हा भूल, पुन्हा तीच जोखीम. त्यापेक्षा मुंबईच्या केईएमला दुर्मीळ आजारांचं केंद्र आहे, तिथे फाइल आजच लावा.

रानवारा: फाइल लावतोच. पण ती हलेपर्यंत त्याने श्वास कशाने घ्यायचा, ते सांगा.