80 हजारात मारुती 800 इलेक्ट्रिक? जरा हिशेब मांडा ना बाप्पा

दारव्हेकर
परवा एकाची पोस्ट वाचली अन् डोकंच सरकलं. "जुनी मारुती 800 घ्या, इंजिन भंगारात द्या, ई-रिक्षाची मोटर अन् सहा बॅटऱ्या बसवा, 80 हजारात घरच्या घरी इलेक्ट्रिक कार." खाली सगळे वा भाऊ, जबरदस्त भाऊ. 37 हॉर्सपॉवरचं इंजिन काढून तू दोन हॉर्सपॉवरची मोटर टाकतो, वरून चार माणसं अन् डिक्कीत खताचं पोतं, मंग चढ आला का सगळे खाली उतरा अन् ढकला. सहा लेड अ‍ॅसिड बॅटऱ्यातच साठेक हजार गेले, वजन दीडशे किलोच्या वर, अन् कागदावर 7.2 युनिट दिसले तरी रोज तळापर्यंत उतरवल्या तं वर्षभरात मेल्या, कोन्या बी ई-रिक्षावाल्याले विचार. मंग कंट्रोलर, चार्जर, मोटर गिअरबॉक्सले जोडणारी अडॅप्टर प्लेट, सहा बॅटऱ्याच्या 72 व्होल्टचे 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर (नाईतं हेडलाईट कायच्यावर लावतो?) हे सारं उरलेल्या वीस हजारात?

आयटीआयवाला_घाटंजी
ती पोस्ट माझीच हाय काका, नाव घेऊन बोला ना. दोन हॉर्सपॉवरची म्हणजे दीड किलोवॅटचीच मोटर टाका असं कोनं म्हटलं, 5 किलोवॅटची बीएलडीसी (बिनब्रशची डीसी मोटर) टाका. गिअरबॉक्स जसाच्या तसा ठेवाचा, चढावर सेकंड गिअर. सपाट रोडवर 40 च्या स्पीडले अशा हलक्या गाडीले दोनेक किलोवॅट पुरते. अन् लेड अ‍ॅसिड नोको असन तं लिथियम आयर्न फॉस्फेटचे 3.2 व्होल्टचे 24 सेल, 100 अ‍ॅम्पिअर-अवरचे, झाले साडेसात युनिट, 60-70 किलोमीटर आरामात. पेट्रोलनं किलोमीटरले 6 रुपये लागते, लाईटवर रुपया-सव्वा रुपया. तुमी आयुष्यभर पेट्रोल पंपावर लाईन लावा, मले काय.

दारव्हेकर
अन् ते 24 सेल, बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) धरून कितीले? लाखाच्या आसपास ना? म्हणजे पोस्टमधले 80 हजार नुस्त्या बॅटरीतच गेले. अजून दोन रिप्लाय थांबलो तं नवीन गाडीच्या भावात जाते हा.

मास्तर_आर्वी
दोघेही मुख्य मुद्दा सोडून बोलत आहात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत मनाने असा बदल करता येत नाही. मान्यताप्राप्त किटच लागते, ते एआयएस-123 या वाहन-मानकानुसार तपासलेले असते, एआरएआयसारख्या संस्थेकडून, आणि मग आरसी बुकवर इंधनाच्या रकान्यात बदल. ते किट चार लाखाच्या वर जाते. घरी वेल्डिंग करून बसवलेल्या मोटरला आरसीवर कोण चढवणार? माझ्या मेव्हण्याने ओम्नीत गॅस किट बसवले, कागदावर चढवले नाही. एका मोटरसायकलवाल्याला धक्का लागला, विमावाल्यांनी हात वर केले आणि भरपाईसाठी बिचाऱ्याने दोन एकर वावर विकले. पेट्रोलचे किती वाचवले होते ते आता विचारू नका त्याला.

आयटीआयवाला_घाटंजी
सर इथं अर्ध्या ट्रॉल्याईले नंबर प्लेट नाई, त्या कापूस भरून जीनिंगच्या गेटवर दिवसभर उभ्या राह्यते, त्याईले कोनी कलम सांगत नाई. गरीबानं काही करून पाह्यलं का लगेच कायदा.

मास्तर_आर्वी
ट्रॉलीचे चुकीचे आहेच. म्हणून तुझे बरोबर होते का?

पांदणवाला
मले एक सांगा, आमच्या वावरात 5 एचपीचा सोलर पंप बसला, 'मागेल त्याले सोलर' योजनेतला, 10 टक्के भरून. प्लेटी 5000 वॅटच्या आसपास हायेत. पेरणीनंतर पाऊस लागला का पंप बंद, हरभरा निघाला का बंद, प्लेटी नुस्त्या उन्हात तापत राह्यते. त्याच्यावर गाडी चार्ज केली तं पेट्रोल बी फुकट अन् लाईट बी फुकट. हे काऊन कोनी सांगत नाई?

वायरमन_रिटायर
कारण जळते म्हून. प्लेटीचा डीसी शेकडो व्होल्टचा असते, अन् तो कंट्रोलर पंपाले लागते तशी थ्री फेज देते, उन्हाप्रमाणं कमीजास्त होणारी. घरचा चार्जर तिथं खोसला तं धूरच. दुसऱ्या मशीनीही चालवणारे युनिव्हर्सल कंट्रोलर वेगळे असते, तुमच्याकडं साधाच असन. अन् मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंग लावू नोको. लिथियम आयर्न फॉस्फेटचे बरेचसे सेल 45 डिग्रीच्या वर चार्ज कराचे नसते, अन् आपल्याकडं 45 तं सावलीत राह्यते.

पांदणवाला
मंग जुन्या शेतीच्या लाईनवर लावतो. 7.5 एचपीपर्यंत बिल माफ हाय ना.

वायरमन_रिटायर
लाव अन् बस. पंपाच्या कनेक्शनवर दुसरं काही चालवलं तं वीज कायद्याचं कलम 126, अनधिकृत वापर. बिल असं येईन का पेट्रोल स्वस्त वाटन.

पांदणवाला
कलम 126 लाईनवाल्याईले काऊन लागत नाई बे? आमची डीपी (ट्रान्सफॉर्मर) ऐन तुरीच्या फुलोऱ्यात जळली, वर्गणी करून ऑइल आम्ही आणलं, ट्रॅक्टर आमचा, डिझेल आमचं, अन् वरून सायेब म्हणे लोड तुम्हीच वाढवला. रात्रीच्या पाळीत डुकरं अन् सापाच्या मधात ओलित करा, त्याचा हिशेब कोनी मांडला? रिटायर झाले तरी तुमाले डिपार्टमेंटचाच पुळका.

वायरमन_रिटायर
पुळका? ज्या डीपीच्या तारेवर आकडे टाकून, चोरीच्या लाईटवर अर्धा गाव चालते ती जळनच. मी खांबावर चढत होतो तवा तुमच्यासारखेच खालून शिव्या देत होते अन् रात्री आकडे बी तेच टाकत होते.

पांदणवाला
आमच्या गावात कोन टाकते नाव सांगा. नाई तं शब्द वापस घ्या.

मास्तर_आर्वी
अहो, विषय मारुतीचा होता.

आयटीआयवाला_घाटंजी
विषय हाच हाय सर. रात्री व्होल्टेज 170 वर येते, चार्जर बंद पडते, मंग 70 किलोमीटरची गाडी सकाळी 30 चीच राह्यते. हे मले मान्य. कलमाईची भीती नाई, या लाईनीची हाय.

दारव्हेकर
वा, शेवटी बोलला. आता माह्यंही ऐक. नुस्तं घर ते वावर, पांदणीनं, 20-25 च्या स्पीडनं, अन् रोडवर टायर बी टेकवाचा नाई, असं असन तं बनव बापा, मले बी पाह्याची हाय. पण ज्या 800 ले ब्रेकचा बूस्टर हाय तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालते. इंजिन काढलं का पाय दाबून दाबून दुखन. वेगळा व्हॅक्यूम पंप लागते, तो तुह्या यादीत कुठीच नाई. अन् पोस्टवरचे 80 हजार आधी खोड.

आयटीआयवाला_घाटंजी
खोडतो. "80 हजारापासून पुढं" लिहितो.

दारव्हेकर
"पासून पुढं" म्हणे. वकील हो तू, आयटीआय सोड.

पांदणवाला
वायरमन भाऊ, आकड्याचं नाव अजून आलं नाई. मी वाट पाहून राह्यलो.